फोरमनचे दोन पट्टे

सावेडीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नाव, गाव, पगार, लग्न झालंय का, यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी व्हरांड्यातलं वर्तमानपत्र उचललं, मला जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं केलं, स्वतः चार पावलं मागे गेले आणि निविदांचं पान माझ्यासमोर धरून म्हणाले, "वाच."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण खोली हवी होती. मी वाचायला लागलो.

"मोठं न्हाई. खालचं बारीक वाच."

मी खालचं बारीक वाचलं. अटी, शर्ती, कोणत्या खोलीत अर्ज मिळतील, सगळं. त्यांनी पान दुमडलं आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "अगं, ह्यो चालतोय!" मग मला म्हणाले, "कधी येतो ऱ्हायला?"

मी पाथर्डीकडचा. नगरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागलो होतो. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजायच्या, हे माझं काम. त्यामुळे निविदेतली अक्षरं मला बटाट्याएवढी दिसली यात माझी काही हुशारी नव्हती. पण घरमालक भाडेकरूचे डोळे कशाला तपासतो, हे काही कळेना. काकूंना विचारलं तर त्या पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, "कळंल. मागचा भाडेकरू चष्मा लागला म्हनून गेला."

त्यांना सगळी गल्ली फोरमन म्हणायची. मी काका म्हणायचो, पण मनात फोरमनच. लष्करी गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं आणि निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. गाव राहुरीजवळचं. सावेडीच्या बंगल्यांमध्ये राहूनही बोलणं शेतातलंच राहिलं होतं. अंगात खाकी हाफशर्ट, खिशात लाल रंगखडूचा एक तुकडा, आणि चेहऱ्यावर कायम कुणाचं तरी ऐकत असल्याचा भाव.

उलगडा पहिल्याच रविवारी झाला. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला नेऊन त्यांनी एका मोटरसायकलवरची सतरंजी काढली. तशी गाडी मी कधी पाहिली नव्हती. लाल टाकी, दोन सिलेंडर, एक पुढे आडवं झोपलेलं आणि एक मागे उभं. कुणा अधिकाऱ्याने बदलीच्या वेळी ती बंद पडलेल्या अवस्थेत यांच्या गळ्यात मारली होती. इटालियन होती. फोरमननी पाच वर्षं खपून ती चालू केली आणि तेव्हापासून नगर ते कोपरगाव रस्त्यावरच्या सगळ्या चहावाल्यांना ती माहीत झाली. कोपरगावला त्यांची एकुलती एक मुलगी दिली होती. शाळेत शिक्षिका. मी त्यांना ताई म्हणायचो.

"आपल्याकडच्या गाड्यांना टायमिंगची चेन आसती," फोरमन म्हणाले. "हिला रबराचे पट्टे हाईत. दातांचे. दोन. दर दोन वर्षांनी बदलायचे."

"किती किलोमीटरला?"

"किलोमीटर इचारू नको. हिला चालव नायतर न्हाई चालव. रबर ते रबर. उभ्या उभ्या म्हातारं हुतं."

पट्टा तुटला तर काय होतं, हे त्यांनी मला दोन हातांनी दाखवलं. डाव्या हाताची मूठ म्हणजे पिस्टन, उजव्या हाताचं बोट म्हणजे व्हॉल्व्ह. मूठ वर येते तेव्हा बोट वर निघून गेलेलं असलं पाहिजे. ही वेळ पट्टा सांभाळतो. पट्टा तुटला, किंवा चक्राच्या दोन दातांनी इकडेतिकडे बसला, की मूठ बोटावर आदळते. हे दाखवताना त्यांनी बोट असं वाकवलं की मला माझंच दुखल्यासारखं झालं.

आता माझ्या डोळ्यांचं. कंपनीने चक्रांवर कोरलेल्या खुणा घासून गेल्या होत्या. म्हणून जुना पट्टा काढण्याआधी फोरमन खिशातल्या लाल रंगखडूने प्रत्येक चक्रावर ठिपका द्यायचे. तो खडू ताईंच्या शाळकरी रंगपेटीतला. बाकीचे रंग कधीच संपले होते, लाल तेवढा पुरवून वापरत होते. नवा पट्टा चढवला की ठिपका इंजिनवरच्या रेघेसमोर आला पाहिजे. आणि हा ठिपका फोरमनना दिसायचा नाही. लांबचं दिसायचं, विळद घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचा नंबर लांबून सांगायचे, पण हातभर अंतरावरचं सगळं धूसर. चष्मा होता. पूर्वी एकदा वाकून काम करताना तो गिअरबॉक्सच्या तेलात पडला, तेव्हापासून चष्म्याशी त्यांनी अबोला धरला होता. "जी वस्तू कामाच्या वक्ताला उडी मारती, ती काय कामाची?" म्हणून भाडेकरू.

माझी कामं दोन. ठिपका बघून सांगायचं. आणि पट्टे चढल्यावर लांब दांड्याच्या पान्याने इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवायचं. गाडी सुरू करण्याआधी हे दोन फेरे झालेच पाहिजेत. ते स्वतः फिरवायचे नाहीत, कारण फिरताना त्यांना इंजिनला कान लावून बसायचं असे. "सावकाश," ते म्हणायचे. "आडलं तर जोर न्हाई लावायचा. आडतंय म्हंजी ते कायतरी सांगतंय. ऐकायचं."

मी पहिल्यापासून उतावळा माणूस. बरणीचं झाकण अडलं की मी ते ओट्यावर आपटतो. पहिल्या खेपेला मात्र त्यांचा शब्द पाळला. सगळं नीट झालं. पट्ट्याचा ताण बघायला त्यांनी सहा मिलिमीटर जाडीची षटकोनी किल्ली पट्ट्याखालून सरकवली. ती जेमतेम सरकली, तेव्हा ते खूश झाले आणि काकूंनी आम्हा दोघांना शिरा दिला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फोरमननी त्या तारखेला लिहून ठेवलं, 'पट्ट्यांचा जन्म'.

पण फोरमनची खरी गंमत गाडीत नव्हती. ती होती त्यांच्या जिभेत. या माणसाला खोटं बोलता येत नसे. मी हे कौतुकाने म्हणत नाही. शेजारी राहणाऱ्याला याचा त्रासच होतो. कुणी रस्त्यात "काय फोरमन, बरंय ना?" म्हटलं, की बाकीचे लोक "बरंय" म्हणून पुढे जातात. हे थांबायचे, विचार करायचे आणि सांगायचे. "डावा गुडघा सकाळी धरतो. पोट दोन दिवस साफ न्हाई. बाकी बरंय." विचारणारा घड्याळ बघत उभा. आपली जुनी स्कूटर विकताना त्यांनी गिऱ्हाइकाला तिचे नऊ दोष मोजून सांगितले. दहावा त्या माणसाने स्वतः शोधला, तर यांना रात्रभर झोप लागली नाही.

ताईंना बघायला कोपरगावची मंडळी आली, तो किस्सा काकू दर दिवाळीला सांगायच्या. पोहे झाले, मुलीला प्रश्न विचारून झाले. मुलाचे वडील सहज म्हणाले, "मुलगी गुणाची दिसते." त्यावर फोरमन खुर्चीत सरसावून बसले. "गुनाची हाय. पन हट्टी हाय. सकाळी सातशिवाय उठत न्हाई. भाकरी तिला येत न्हाई, येती आसं हिची आई सांगंल, पन ते खरं न्हाई. आन एकदा बोलली की बोलली, मग देव आला तरी शबुद फिरवनार न्हाई." आत काकूंनी कपाळाला हात लावला. मग मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या पोराचंही सांगून टाकतो," आणि त्यांनीही यादी सुरू केली. दुपारी सुपारी फुटली.

शब्द न फिरवणाऱ्या या ताईच पुढे फोरमनच्या मुळावर आल्या.

मी तिथे राहायला गेल्यानंतरचं तिसरं वर्ष. पट्ट्यांचा दुसरा जन्म जवळ आला होता. पितृपक्षात ताई दोन दिवस आल्या होत्या. जेवताना त्यांनी विषय काढला. "बाबा, गाडी आता विका. पुण्याचं एक गिऱ्हाईक तुमच्या जावयांनी बघून ठेवलंय. तुम्ही सत्तरीच्या पुढे, आईचं वय झालेलं, आणि तुम्ही दोघं त्या जुन्या गाडीवर शंभर किलोमीटर येता. वाटेत बंद पडली तर? उन्हात रस्त्यावर उभे राहाल, मला फोनही करणार नाही."

फोरमन म्हणाले, "बंद पडत न्हाई."

"पडली तर?"

"न्हाई पडत."

बराच वेळ बापलेकीत हेच चाललं. शेवटी ताईंनी हातातली पोळी ताटात ठेवली. "ठीक आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दोघं गाडीवर कोपरगावला या. वाटेत एकदाही बंद पडली नाही, तर मी जन्मात हा विषय काढणार नाही. पडली, तर गाडी पुण्याला जाईल. कबूल?"

"कबूल," फोरमन म्हणाले. त्यांचा चेहरा मी बघितला. मी गाडीवर प्रेम करणारा माणूस नाही, माझ्यासाठी गाडी म्हणजे लॅबला पोचवणारी वस्तू. पण त्या क्षणी मला वाटलं की हे शेड रिकामं झालं, तर या माणसाला रविवारी उठून जायला जागा उरणार नाही. मला वाईट वाटलं आणि मीही मनातल्या मनात कबूल म्हणून टाकलं.

पट्टे मुंबईहून यायचे. पार्सल उशिरा आलं, नवरात्र संपत आलं तेव्हा. अष्टमीला फोरमननी ठिपके दिले, जुने पट्टे काढले आणि काम तिथेच थांबवलं, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते आणि हत्यारांना हात लावत नाहीत. वर्षभर राबलेल्या पान्याला एक दिवस सुट्टी. त्यापाठोपाठ दसरा, गाडीला झेंडूचा हार. म्हणजे इंजिन दोन दिवस तसंच उघडं राहणार होतं. मी सुट्टी घेऊन गावी गेलो. फोरमन नवमीला सकाळी झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेले.

काकूंनी पाटावर सगळे पाने, हातोड्या, पक्कड मांडलं, धुऊनपुसून कोरडं केलं आणि प्रत्येकाला ओल्या कुंकवाचं बोट लावलं. आणि मग त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं. झाकणं काढलेली, आतली दातेरी चक्रं उघडी, त्यावर दोन वर्षांची काळी राड. लक्ष्मी अशी मळकी कशी पुजायची? त्यांनी रॉकेलमध्ये फडकं बुडवलं, चारही चक्रं लख्ख पुसली आणि चारही चक्रांना कुंकू लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत आलो आणि आम्ही कामाला लागलो. मी चक्रांजवळ डोळा नेला. लाल ठिपका स्पष्ट होता. नेहमीपेक्षा जरा मोठा, पण होता. मला वाटलं, काकांनी यंदा खडू दाबून लावला. मी सांगत गेलो, ते चक्र फिरवत गेले. "अजून जरा. बस. आला ठिपका." दोन्ही पट्टे चढले. किल्ली जेमतेम सरकली. फोरमननी पुढच्या सिलेंडरला कान लावला आणि मी पाना हातात घेतला.

पहिल्या फेऱ्यातच पाना अडला.

मी थांबलो असतो तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण लॅबमधून दोन फोन येऊन गेले होते, मला उशीर झाला होता, आणि माझा स्वभाव मी सांगितलाच आहे. मला वाटलं, नवा पट्टा घट्ट असेल. मी दोन्ही हातांनी जोर लावला. आतून कट्ट असा आवाज आला. मोठा नाही. सुपारी फुटावी तेवढा.

फोरमननी कान काढला आणि माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ठेव आता पाना."

ते मागच्या सिलेंडरच्या वरच्या चक्रापाशी गेले. बघून दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी ठिपक्यावर बोट फिरवलं. रंगखडू मेणाचा, तो बोटाला असा लागत नाही. हा लागला. त्यांनी बोट नाकाशी नेलं. मग बाकीच्या तीन चक्रांवर बोट फिरवलं, पाटावर मांडलेल्या पान्यांकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. काकू आत लसूण सोलत गुणगुणत होत्या.

"काका, खूण पुसली गेली होती का?" मी विचारलं.

त्यांनी बोट पँटला पुसलं. "हिला सांगायचं न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "चाळीस वरसं पूजा करती. पुढच्या वरसी हात आखडता घेईल. आन जोर तू लावला हेबी सांगायचं न्हाई. ती तुला जेवू घालती."

दुपारी त्यांनी मागच्या सिलेंडरचं डोकं, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो वरचा भाग, उतरवलं. व्हॉल्व्ह वाकलाय की नाही हे बघायची त्यांची रीत साधी होती. डोकं उलटं धरून भोकात रॉकेल ओतायचं आणि दुसऱ्या बाजूने पाझरतं का बघायचं. व्हॉल्व्ह सरळ असेल तर थेंब पडत नाही. आम्ही दोघं खाली वर्तमानपत्र पसरून उकिडवे बसलो. एक मिनिट काही झालं नाही. मी देवाचं नाव घेतलं. मग कागदावर एक डाग उमटला, आणि तो वाढत गेला.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, "पुन्हा का उघडलं वो?"

फोरमन भिंतीकडे बघून म्हणाले, "पट्टा खराब निघाला."

मी त्या घरात ऐकलेलं त्यांचं हे पहिलं खोटं. ते बोलून त्यांना घाम फुटला. आणि खोट्याची सवय नसलेल्या माणसाला पुढचं सुचत नाही. काकूंनी मुंबईच्या त्या पार्सलवाल्याला धरलं. उठता बसता त्याचा उद्धार. भाजी चिरताना, दळण निवडताना. "मेल्याला लाज न्हाई वाटली, सणासुदीचा खराब माल धाडला." फोरमन ताटावर बसून ऐकायचे, घासागणिक पाणी प्यायचे. एके दिवशी काकू म्हणाल्या, "द्या त्याचा नंबर, मी बोलते." फोरमन म्हणाले, "नंबर हरवला." हे दुसरं. मी खाली मान घालून पोळी खात होतो. खरा चोर मीच, आणि माझ्याच ताटात तूप जास्त पडत होतं.

तसा व्हॉल्व्ह परदेशातून येईपर्यंत दिवाळी काय, संक्रांत उलटली असती. फोरमननी एका जीपचा व्हॉल्व्ह घेतला आणि एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे नेला. तिथे दोन अख्खे दिवस स्टुलावर बसून, चिमटी चिमटी माप घेत, तो छिलून बरोबर त्या मापाचा करून घेतला. माप वाचायला मी होतो. मी सुट्टी टाकली होती, साहेबांना ताप आल्याचं सांगून. ते ऐकून फोरमन म्हणाले, "ताप न्हाई तुला." मी म्हटलं, "काका, आता तुम्ही मला शिकवू नका." ते पहिल्यांदाच खो खो हसले.

धनत्रयोदशीला इंजिन जुळलं. या वेळी ठिपके मी स्वतः दिले. पाना मी इतका सावकाश फिरवला की फोरमनच कंटाळले. गाडी सुरू झाली आणि काकूंनी धावत येऊन तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघं निघाले. काकूंनी डोक्याला स्कार्फ घट्ट बांधला होता, मांडीवर चकल्यांचा डबा. विळद घाटापर्यंत मी माझ्या स्कूटरवर मागे मागे गेलो. आवाज ऐकून परत फिर, असा हुकूम होता. आवाज चांगला होता. कोल्हार, राहाता, शिर्डी धरून साडेदहापर्यंत पोचायला हवे होते. मी लॅबमध्ये एक पेशी मोजायचो आणि दोनदा फोनकडे बघायचो. फोन अकराला आला. "पोचलो," एवढंच म्हणाले फोरमन, आणि ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी दोघं परत आले. गाडी ठणठणीत. मी पेढे आणून ठेवले होते. फोरमननी त्यांना हात लावला नाही. कपाटातून गाडीचं आरसी बुक काढून टेबलावर ठेवलं, त्यावर किल्ली ठेवली आणि खुर्चीत बसले.

"काय झालं?" मी काकूंना विचारलं.

"काय न्हाई. ह्यांचं आपलं कायतरी," काकू म्हणाल्या आणि आत जायला लागल्या.

"बस हितं," फोरमन म्हणाले.

मग कळलं ते असं. राहात्याच्या अलीकडे गाडी बंद पडली होती. प्लगची वायर निसटली. काढून, पुसून, बसवून, सुरू करून पंचवीस मिनिटं गेली. कोपरगावला दारातच ताईंनी विचारलं, "उशीर का? बंद पडली का वाटेत?" फोरमननी तोंड उघडलं, तोवर काकू बोलून गेल्या, "बंद कुटं पडती? माजे पाय आखडले हुते, मीच थांबिवली." आणि फोरमन गप्प बसले. तिथे बोलले असते तर जावयासमोर काकू खोट्या पडल्या असत्या. म्हणून तीन दिवस गप्प बसले, गोडधोड खाल्लं, आणि त्यातलं काही अंगी लागलं नाही.

"मी गप ऱ्हायलो म्हंजी मीबी खोटंच बोललो," ते मला म्हणाले. "लाव फोन तिला. मोठ्या आवाजात ठेव."

"आवो, गाडी जाईल की!" काकू मध्ये पडल्या.

"जाऊ दे."

मी फोन लावला. ताईंनी उचलला तसं फोरमन ताठ बसले, वर्कशॉपात साहेबासमोर बसत असतील तसे. "बंद पडली हुती गं. राहात्याच्या अलीकडं. पंचवीस मिनिटं. तुझी आई माझ्यासाठी खोटं बोलली आन मी बोलू दिलं. आरसी बुक काढून ठिवलंय."

पलीकडे दिवाळीच्या सुट्टीतले दहावीचे जादा तास चालू होते. वर्गातल्या पोरांचा कलकलाट ऐकू येत होता.

"कुणाला मदतीला बोलावलं होतं?" ताईंनी विचारलं.

"कुनाला बोलावनार? मला येत न्हाई व्हय?"

"ढकलायला लागली?"

"न्हाई."

"आई कुठं होती तेव्हा?"

"लिंबाच्या सावलीला. चकली खात हुती."

ताई हसल्या की काय, ते नीट कळलं नाही. मग म्हणाल्या, "बाबा, मला भीती होती ती तुम्ही दोघं रस्त्यात अडकून पडाल याची. तुम्ही अडकला नाहीत. बंद पडायला माझी नवी स्कूटरही पडते, आणि मी तिथंच रडत बसते. ठेवा ती गाडी. माझी घंटा झाली." आणि फोन ठेवला. जन्मात पहिल्यांदा ताईंनी दिलेला शब्द फिरवला होता.

काकूंनी डोळे पुसले. मीही पुसले, लाजायचं काय त्यात? फोरमन मात्र तसेच बसून होते. किल्लीला हात लावला नाही.

"अजून एक हाय," ते म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. रॉकेलचं फडकं, कुंकवाचं बोट, पुसलेला ठिपका. जोर कुणी लावला, हे सांगताना क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितलं, फार वाईट वाटल्यासारखं तोंड केलं, आणि सांगून टाकलं.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, "हो काकू. मीच." आणि खाली बघितलं. महिनाभराचं तूप माझ्या अंगावर चढून आलं.

पण काकूंच्या मनात माझा नंबर नंतर होता. त्या फोरमनकडे वळल्या. "म्हंजी त्यो मुंबईचा मानूस... त्याचा पट्टा चांगला हुता?"

"एकदम चांगला."

"आन मी त्याला इतक्या शिव्या घातल्या? ऐन दिवाळीत? त्याच्या लेकराबाळांस्नी पन?"

"व्हय."

काकू कपाळाला हात लावून बसल्या. मग उठल्या, माझ्या हातातून फोन घेतला आणि नवऱ्यासमोर धरला. "नंबर सांगा."

फोरमननी दहाच्या दहा आकडे घडाघडा म्हटले, एकदाही न अडखळता.

पलीकडून कुणी तरी घाईत बोललं, मागे गाड्यांचे हॉर्न. "हॅलो, कोण?"

"भाऊ, आमी नगरहून बोलतोय," काकू म्हणाल्या, अगदी सावकाश. "तुमचा पट्टा लई चांगला हाय. मी उगंच नावं ठिवली. मनात ठिवू नका."

"कोण बोलतंय? कुठला पट्टा?" तो माणूस गांगरून विचारत राहिला, आणि काकू त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला लागल्या. फोरमननी टेबलावरचा पेढा उचलून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि खुर्चीत मागे रेलले.